केव्हापासून?

मला भांडता येत नाही, पण वाद घालता येतो. भांडण आणि वाद यांत मोठा फरक आहे. भांडणात माणसाचं काहीतरी जातं. जमिनीचा बांध जातो, नातं जातं, गेला बाजार शर्टाची गुंडी तरी जाते. वादात काहीच जात नाही. उलट मध्येच कोणीतरी चहा सांगतो आणि आपण दोन तासांपूर्वी जिथं होतो तिथंच, पण थोडे अधिक प्रसन्न होऊन, घरी परततो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी प्रकृती टिकून आहे ती सकाळच्या फिरण्यामुळं, असं डॉक्टर म्हणतात. आमची ही म्हणते, फिरणं दहा मिनिटांचं आणि टपरी दोन तासांची. दोघांचंही खरं असावं.

महाडच्या एसटी स्टँडाजवळची ही आमची टपरी. सभासद चार. पहिले नाना, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मुक्कामाची गाडी ज्या गावी जाईल तिथला सिनेमा बघायचा, या व्रतामुळं त्यांनी एकेक पिक्चर तीन-तीन जिल्ह्यांत पाहिलेला. दुसरे मास्तर, इतिहासाचे. तिसरे बापू. हे तीस वर्षं एका वकिलाकडं कारकून होते, म्हणून आम्ही त्यांना बॅरिस्टर म्हणतो. ती पदवी त्यांनी कधी नाकारलेली नाही. चौथा मी. माझा कुठल्याच विषयाचा अभ्यास नसल्यामुळं मला सर्व विषयांवर सारख्याच अधिकारानं बोलता येतं.

आमचे विषय ठरलेले. कायदा, सिनेमा आणि कोणत्या पुढाऱ्याचं कोणत्या साली काय चुकलं. हे तिन्ही विषय एकात एक असे मिसळतात की भेळ वेगळी करता येईल, आमचा वाद वेगळा करता येणार नाही. नानांचा सगळा कायदा सिनेमातून आलेला. त्यांच्या मनातल्या कोर्टात जज्ज हातोडा आपटतो, आरोपी गीतेवर हात ठेवतो आणि शेवटच्या क्षणी दार ढकलून मुख्य साक्षीदार आत येतो. बॅरिस्टर शांतपणे बशीत चहा ओततात आणि सांगतात, "नाना, तीस वर्षं कोर्टात काढली. हातोडा सुताराकडं पाहिला. आणि शपथेचा कायदा १९६९ चा, त्यात कुठल्या पोथीचा पत्ता नाही. दार ढकलून आत येतो तो पट्टेवाला, आणि तो सांगतो की साहेब आज रजेवर आहेत."

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही चौघांनी तो एकत्र पाहिला. नाना मध्यंतरापूर्वीच घोरू लागले. बॅरिस्टरांच्या डोळ्यांत पाणी. "हुबेहूब!" एवढंच ते म्हणत होते. "तारीख कशी पडते, बघा. हुबेहूब!"

नानांना खरा धक्का बसला तो १ जुलै २०२४ रोजी. त्या दिवशी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८ मध्ये गेलं. "म्हणजे आता राज कपूरला श्री ३१८ म्हणायचं?" नानांनी हताशपणे विचारलं. त्यांच्या आयुष्यातले निम्मे संवाद एका रात्रीत कालबाह्य झाले होते. वर बॅरिस्टरांनी मीठ चोळलं की नव्या संहितेत ३०२ आहे, पण ते कोणाच्या धार्मिक भावना दुखावतील असं मुद्दाम बोलण्याबद्दल आहे. नाना दोन दिवस टपरीवर आले नाहीत.

तर असे आमचे वाद. ते संपायचे कसे, हे सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. आमचा कुठलाही वाद पुराव्यानं संपत नसे. पुरावा म्हणजे उठून घरी जाणं, पुस्तक शोधणं. तेवढ्यात चहा गार होतो. वाद संपायचा तो एका शब्दानं. ज्याला तो शब्द आधी आठवेल तो जिंकला. तो शब्द म्हणजे 'पूर्वापार'. "अहो, हे पूर्वापार चालत आलंय!" असं म्हटलं की समोरचा गप्प. 'पूर्वापार' हा शब्द उच्चारताना हात आपोआप मागच्या बाजूला हलतो, जणू आपल्या पाठीमागं सगळे पूर्वज रांगेनं उभे आहेत आणि माना डोलावताहेत. त्यांना विचारायला कोण जातो?

घरीही मी हाच शब्द वापरत आलो. खिडकीजवळची खुर्ची पूर्वापार माझी. आमटीत गूळ पूर्वापार. रविवारी मी बाजारात न जाणं पूर्वापार. आमची ही एकदा म्हणाली, "तुमचं पूर्वापार नेमकं तुमच्या सोयीचंच कसं हो असतं?" मी त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. नवऱ्यानं अशा प्रश्नांना उत्तर न देणं हेही पूर्वापार.

या शब्दाला पहिला तडा गेला तो २० मार्च २०१९ रोजी.

२० मार्चला महाड आमचं उरत नाही. चवदार तळ्यावर माणसांचा पूर येतो. एसटीतून, ट्रकमधून, पायी. कडेवर पोरं, हातात निळे झेंडे. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह या तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. दरवर्षी गर्दीमुळं टपरीवर बसायला जागा नसते, म्हणून आम्ही उभ्यानं वाद घालतो. त्या वर्षी मी सहज एक पिल्लू सोडलं. म्हटलं, "काही म्हणा, मोठ्या कामासाठी का होईना, पण त्या दिवशी कायदा मोडलाच की नाही?"

मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं की चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा विद्यार्थी असतो तर बाकावर उभाच राहिलो असतो.

"कुठला कायदा?" ते म्हणाले. "१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली आपल्या महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कायदा तीन-चार वर्षं कागदावर पडून होता. तळ्याकाठी जायची सोय कोणाला नव्हती. त्या दिवशी माणसं गेली ती कायदा मोडायला नाही, कायदा वापरायला गेली. मोडली ती रूढी. आणि ती मोडली म्हणून मार खाल्ला. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांना गाठून गाठून मारलं. मग तळं बाटलं म्हणून एकशे आठ घागरी पंचगव्य त्यात ओतलं. आता सांग, कायदा कोणी मोडला?"

"पण नंतर कोर्टानं मनाई केलीच ना?" मी म्हटलं. वादात माघार घेण्याची पद्धत नाही.

इथं बॅरिस्टर पुढं सरसावले. "केली. नगरपालिकेनं ऑगस्टमध्ये आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरमध्ये गावातल्या काही जणांनी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम आणला. ख्रिसमसच्या वेळी परिषद भरली, हजारो माणसं पुन्हा सत्याग्रहाला आलेली. तिथंच सहस्रबुद्ध्यांनी ठराव मांडला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पण तळ्याला हात लावला नाही. मिरवणूक निघाली आणि पाण्याला न शिवता परत गेली. का? मनाईहुकूम होता म्हणून. हा माणूस स्वतः बॅरिस्टर होता, आमच्यासारखा नव्हे, खरा. आता कोर्टातच बघू, म्हणाला. आणि किती वर्षं बघितलं? निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! खालचं कोर्ट, अपिलाचं कोर्ट, हायकोर्ट."

"जज्ज कोण?" नानांनी विचारलं. त्यांना पात्रयोजनेत रस.

"ब्रूमफिल्ड."

नाना ताडकन म्हणाले, "'गांधी' पिक्चरमधला? ट्रेव्हर हॉवर्डनं काम केलंय! गांधी आत येतात आणि जज्ज उठून उभा राहतो, तो?"

"तोच," मास्तर म्हणाले. "१९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली, तो ब्रूमफिल्ड. तो खटला सगळ्या जगानं पाहिला. आणि हा दुसरा खटला, आपल्या गावच्या पाण्याचा, आपल्या गावातसुद्धा कोणाला ठाऊक नाही."

"मग या दुसऱ्या खटल्यात झालं काय?" मी विचारलं. पहिल्यांदाच, वादासाठी नव्हे, खरंच कळावं म्हणून.

बॅरिस्टरांनी कप खाली ठेवला. "दावा लावणाऱ्यांचं म्हणणं असं, की अस्पृश्यांनी या तळ्याचं पाणी भरायचं नाही ही इथली पूर्वापार वहिवाट आहे."

'पूर्वापार' शब्द ऐकताच आम्ही तिघांनी सवयीनं मान डोलावली.

"कोर्टानं मान डोलावली नाही," बॅरिस्टर म्हणाले. "कोर्टानं विचारलं, केव्हापासून? वहिवाटीला कायद्याचा मान हवा असेल तर ती नुसती जुनी असून चालत नाही, माणसाच्या स्मरणापलीकडची असावी लागते, नक्की असावी लागते, आणि ती तशी आहे हे सांगणाऱ्यानं सिद्ध करावं लागतं. दावा लावणाऱ्यांना ते जमलं नाही. अपील फेटाळलं. संपलं."

"स्मरणापलीकडची म्हणजे किती?" मी विचारलं.

"इंग्रजांच्या कायद्यात त्याला तारीख आहे. ११८९ साल. त्या साली त्यांचा पहिला रिचर्ड राजा गादीवर बसला. त्याच्या आधीचं ते स्मरणापलीकडचं, नंतरचं ते आठवणीतलं. आपल्या कोर्टांनी एवढं मागचं मागितलेलं नाही, पण प्रश्न तोच. केव्हापासून?"

नाना म्हणाले, "म्हणजे आपल्याला शिवाजी महाराजांच्याही मागं पाचशे वर्षं जायला हवं!" आणि सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना चवदार तळ्यावरून गेलो आणि पाय जरा जड झाले.

त्याचं कारण सांगतो. आमचं जुनं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. १९२७ साली माझे आजोबा विशीतले. मी लहान असताना त्यांना एकदा विचारलं होतं, "आजोबा, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "घरात. दाराला कडी लावून." मी विचारलं, "मारणाऱ्यांत नव्हता ना?" ते म्हणाले, "छे!" मी विचारलं, "मग थांबवायला गेला होता?" त्यावर अडकित्ता थोडा वेळ थांबला. मग म्हणाले, "बाळ, तेव्हा पूर्वापार तसंच होतं." आणि पुन्हा कातरू लागले. माझे आजोबा भला माणूस. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारे. ज्यांना मार पडला त्यांच्यासाठी एक दार उघडायचं तेवढं राहिलं. घागरी ओतल्यावरचं पाणी आमच्या घरी त्याच आठवड्यात भरलं गेलं असणार. वर्षानुवर्षं मी ही गोष्ट 'आमचे आजोबा त्या भानगडीत नव्हते' अशी अभिमानानं सांगत आलो. त्या मार्चमध्ये पहिल्यांदा वाटलं, नव्हते, हाच तर प्रश्न आहे.

इथं लेख संपवला असता तर मला शहाणपण आल्याचा दाखला मिळाला असता. पण तसं झालं नाही. मार्चमध्ये शिकलेला धडा मी जुलैपर्यंत विसरलो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात टपरीवर गवंडीमामा आले. मामा तळीयेचे. आमच्या घराची मागची भिंत त्यांनीच बांधलेली, आणि सावित्रीच्या पुरातही ती हललेली नाही. मामा चहा घेताना कधी वादात पडत नसत. बाकाच्या टोकाला बसून ऐकत. त्या दिवशी नाना कुठल्याशा पिक्चरमधला जमिनीचा खटला सांगत होते. नाना दम खायला थांबले तशी मामा म्हणाले, "तात्या, एक इचारू? घर बांधायला काढलंय. जुन्या जाग्यावरच बांधू का खाली रस्त्याकडं जागा बघू? डोंगर लई जवळ वाटतो. मागं जुईला झालं, दासगावला झालं, तवा मी तिकडं माती उपसायला व्हतो. डोळ्यांसमोरनं जात नाय."

ते म्हणत होते ते २००५ च्या जुलैचं. पंचवीस-सव्वीस तारखेच्या पावसात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथं डोंगर उतरून घरांवर आले होते.

मला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मला भूगर्भशास्त्र येत नव्हतं, मामांकडं पैसे किती आहेत ते ठाऊक नव्हतं, रस्त्याकडच्या जागेचा भाव ठाऊक नव्हता, तळीयेला मी उभ्या आयुष्यात दोनदा गेलेलो, तेही लग्नाच्या जेवणाला. पण टपरीवर 'ठाऊक नाही' म्हणायची पद्धत नाही. मी म्हणालो, "अहो मामा, जुईची गोष्ट वेगळी. तुमच्या वाड्या तिथं पूर्वापार आहेत. डोंगर काय आज आलाय?"

हात आपोआप मागच्या बाजूला हलला.

मामांनी मान डोलावली, चहाचे पैसे ठेवले आणि गेले. 'केव्हापासून?' हे चार महिन्यांपूर्वी ऐकलेले शब्द त्या वेळी मला आठवले नाहीत. जुईसुद्धा २५ जुलै २००५ पर्यंत पूर्वापारच होती, हे तर मुळीच सुचलं नाही.

२२ जुलै २०२१. त्या दिवशी महाडमध्ये काय झालं ते महाडकराला सांगावं लागत नाही. सावित्री आणि गांधारी दोघी एकदम गावात आल्या. वीज गेली, फोन गेले, रस्ते गेले. आमच्या घरात खालच्या खोल्या बुडाल्या. मी आणि आमची ही माळ्यावर बसलो होतो, आणि मी फ्रिज वर घेता आला नाही म्हणून हळहळत होतो. हे मी लपवत नाही. माणूस जेव्हा आपल्या फ्रिजसाठी हळहळत असतो, तेव्हा त्याला पलीकडं काय चाललंय ते ठाऊक नसतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. त्याच दिवशी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगराचा कडा उतरला. वाडी मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं. पुरानं आणि दरडींनी वाटा अडलेल्या, त्यामुळं मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पलीकडं पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि सुतारवाडी इथं दरडी कोसळल्या. काही दिवसांनी तळीयेतला शोध थांबवला आणि जे सापडले नव्हते त्यांनाही मृत धरलं. म्हाडानं नवी घरं बांधायची जबाबदारी घेतली. मंत्री आले, कॅमेरे आले, आणि सर्वांत शेवटी, नेहमीप्रमाणं, आमचे वाद आले.

टपरी पुन्हा सुरू झाली तेव्हा विषय दुसरा नव्हताच. जबाबदारी कोणाची? सरकारची, वनखात्याची, पावसाची? कोणत्या साली कोणत्या मंत्र्यानं काय करायला हवं होतं? नानांनी एका पिक्चरचा दाखला दिला. बॅरिस्टरांनी कलम सांगितलं. टपरीवर आलेला एक परगावचा पाहुणा, चहात बिस्कीट बुडवत, म्हणाला, "पण मी म्हणतो, ही माणसं डोंगराखाली राहायला गेलीच कशाला?" बिस्कीट तुटून चहात पडलं. कोणी हसलं नाही, कारण बाकाच्या टोकाला मामा बसले होते. ते केव्हा आले, कळलं नव्हतं.

मामांची वाडी दुसरी. ती वाचली होती. पण त्यांच्या हाताखाली काम शिकलेली पोरं कोंढाळकरवाडीची होती. आपल्या घरी परत जायला त्यांना बरेच दिवस लागले. ते नवं घर, जे त्यांनी २०२० मध्ये, जुन्याच जागेवर, बांधून पुरं केलं होतं.

मामा पाहुण्याला काहीच बोलले नाहीत. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "मामा, मी तुम्हाला त्या दिवशी नको ते सांगितलं."

मामा म्हणाले, "तुमी सांगितलं म्हनून नाय बांधलं, तात्या. दुसरी जागा घ्यायला पैका कुठं व्हता? जुन्याच जाग्यावर बांधनार व्हतो." मला जरा हलकं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पन इचारलं का, म्हायतंय? तुमी 'नको' म्हनाल असं वाटलं व्हतं. तुमी चौघं शिकलेली मान्सं. 'नको' म्हनाला असता, तर मग काय करायचं तेबी तुमालाच इचारलं असतं. कुठं अर्ज करायचा, कुनाला भेटायचं. पाऊस लागला की आता झोप नाय लागत."

एवढंच. आवाज चढला नाही. मामांनी कप विसळून ठेवला, जसा ते नेहमी ठेवत.

मी पुष्कळ वाद हरलो आहे, पण समोरचा वाद घालत नसताना हरलो तो तेवढाच. त्यानंतर मी या 'पूर्वापार'चा बराच विचार केला. एरवी विचार हा माझा प्रांत नव्हे. तळ्याकाठी हा शब्द तगड्यांनी वापरला, दुबळ्यांना पाण्यापासून लांब ठेवायला. टपरीवर तो मी वापरला, एका माणसाची काळजी माझ्यापासून लांब ठेवायला. आजोबांनी सुपारी कातरताना वापरला, तो स्वतःला स्वतःपासून लांब ठेवायला. तिन्ही ठिकाणी शब्दाचं काम एकच: दाराला कडी लावणं. जे पूर्वापार आहे त्याबद्दल आज कोणाला काही करावं लागत नाही, हीच त्याची मोठी सोय. आणि गंमत अशी की ज्याला तो शब्द पाळावा लागतो, तो कधी तो उच्चारत नाही. पाण्याविना राहिलेल्यांनी 'पूर्वापार' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मामांनीही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, डोंगर लई जवळ वाटतो. त्यांना पूर्वापारची नव्हे, आजची भीती वाटत होती आणि ती खरी होती.

मग जुनं ते सगळं टाकून द्यायचं का? तसं मी म्हणत नाही. आमटीतला गूळ मला प्रिय आहे. पण हायकोर्टानं १९३७ साली जो प्रश्न विचारला तो टपरीवर विचारायलाही हरकत नाही: केव्हापासून? आणि त्याच्या जोडीला माझ्या पदरचा आणखी एक: हे असंच चालू राहिलं तर झळ कोणाला? उत्तर 'मला नव्हे' असं येत असेल, तर मी जरा सावकाश बोललेलं बरं. ज्याच्या मतानं त्याचं स्वतःचं काही जाणार नाही, त्यानं वाद जरूर घालावा. निकाल देऊ नये.

वाद आम्ही थांबवलेले नाहीत. नाना आजही हातोड्यासाठी भांडतात. पण त्या पावसाळ्यानंतर मास्तरांनी टपरीवर एक ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला: जो 'पूर्वापार' म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. बॅरिस्टरांनी पोटकलम जोडलं की 'आधीपासून', 'वाडवडिलांपासून' आणि 'हे असंच असतं' हेही त्यात धरावेत. आणखी एक कलम कुठं लिहिलेलं नाही, पण पाळलं जातं. मामा काही विचारतात तेव्हा आधी सगळे गप्प बसतो. मग 'ठाऊक नाही' म्हणतो. मग कोणीतरी एक जण त्यांच्याबरोबर कचेरीत जातो. बहुधा मी. रांगेत उभं राहिल्यावर कळतं की कायदा हा विषय टपरीवर वाटतो त्यापेक्षा फार हळू चालतो, आणि त्यात पार्श्वसंगीत नसतं.

घरीही मी हा ठराव सांगितला. चूक झाली. दुसऱ्याच दिवशी मी खिडकीजवळच्या खुर्चीकडं वळलो, तर आमची ही तिथं निवडायची मेथी घेऊन बसलेली. मी म्हणालो, "अगं, ही खुर्ची तर—" आणि थांबलो.

तिनं मान वर न करता विचारलं, "केव्हापासून?"

मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेलो आणि दोघांसाठी चहा टाकला.